‘तमस’चा प्रेक्षक कोण होता?

शुक्रवार, 22 जानेवारी 1988. मुंबई उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती, बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर, त्या दिवशी एक टीव्ही मालिका बघायला बसले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जवळपास पाच तास. दूरदर्शनवर तिचे काही भाग दाखवून झाले होते, बाकीचे अजून यायचे होते. आदल्याच दिवशी मुंबईतल्या एका रहिवाशाने मालिकेविरुद्ध रिट याचिका केली होती आणि एकलपीठाने पुढच्या प्रक्षेपणाला स्थगिती दिली होती. स्थगितीवरचं अपील या दोघांसमोर आलं. त्यांनी युक्तिवाद ऐकलेच, पण आधी मालिका पाहिली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, निकाल दिला: स्थगिती उठवली.

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पाहणं. फाळणीच्या वेळच्या दंगलींवरच्या, गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘तमस’ या मालिकेवर त्या महिन्यात देशभर जे बोललं जात होतं, त्यातलं बरंचसं एकदोन भागांवरून, किंवा कुणीतरी सांगितलेल्या एकदोन प्रसंगांवरून. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात. गोष्टीचं तसं नसतं. पहिल्या भागात जो गुन्हेगार दिसतो तो चौथ्या भागात सगळ्यात मोठा बळी ठरू शकतो. ‘तमस’मध्ये नेमकं तेच आहे.

आधी मालिका काय होती ते थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण वादाचं मूळ तिच्या बांधणीतच आहे.

मालिका भीष्म साहनींच्या याच नावाच्या कादंबरीवरची. साहनी मूळचे रावळपिंडीचे, जन्म 1915 चा. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी आणि आसपासच्या गावांत ज्या दंगली झाल्या त्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या; काँग्रेसच्या मदतकार्यात ते होते. पण ‘तमस’ ही कादंबरी त्यांनी लगेच लिहिली नाही. दोन दशकांहून जास्त काळ ते सगळं आत पडून राहिलं. ते वर आलं महाराष्ट्रात. मे 1970 मध्ये भिवंडीत दंगल झाली, आणि त्यानंतर भाऊ बलराज साहनींबरोबर ते भिवंडीला गेले. जळालेली घरं, बंद पडलेले माग, ओसाड गल्ल्या. हे आपण आधी पाहिलेलं आहे, असं त्यांना तिथे वाटलं, आणि रावळपिंडी कागदावर उतरू लागली. कादंबरीला 1975 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंजाबच्या फाळणीवरची हिंदीतली एक फार मोठी कादंबरी भिवंडीच्या राखेतून उठली, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

निहलानींचा जन्म 1940 चा, कराचीचा. फाळणीत त्यांचं कुटुंबही उखडलं गेलं. मराठी प्रेक्षकाला ते परके नव्हते. विजय तेंडुलकरांच्या लेखणीबरोबर त्यांनी 1980 च्या आसपास जे काम केलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ‘तमस’ करायचं म्हटल्यावर निर्माता मिळायला वेळ लागला. पंजाब पेटलेला होता, तिथे जाऊन चित्रीकरण करणं शक्य नव्हतं, म्हणून बरंचसं काम मुंबईच्या फिल्मसिटीत झालं. कलाकारांची नावं नुसती वाचली तरी त्या काळच्या दूरदर्शनच्या मानाने हा घास केवढा मोठा होता ते कळतं: ओम पुरी, दीपा साही, अमरीश पुरी, ए. के. हंगल, दीना पाठक, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, पंकज कपूर. आणि हरनामसिंग या म्हाताऱ्या शीख दुकानदाराच्या भूमिकेत स्वतः भीष्म साहनी. संगीत वनराज भाटियांचं.

गोष्ट सुरू होते एका कोंदट खोलीत. मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याचं काम करणारा नथू हातात सुरा घेऊन उभा आहे आणि समोर एक डुक्कर आहे. गुरांच्या डॉक्टरला हवं आहे म्हणून त्याला ते मारायला सांगितलंय, वर पाच रुपये दिलेत. नथूने आजवर मेलेली जनावरं सोललीत, जिवंत डुक्कर कधी मारलेलं नाही. कोनाड्यात दिवा मिणमिणतोय. डुक्कर चुकवत फिरतं, नथू घामाघूम होतो, वार फसतात. हा प्रसंग निहलानी घाई न करता, बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत लांबवतात. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं.

हा पहिला भाग बघून झोपायला गेलेल्या माणसाच्या मनात काय राहील याचा विचार करा. मशीद, डुक्कर, आणि ते मारणारा एक हिंदू. पुढचा भाग आठवड्याने. मधले सात दिवस कट्ट्यावर, लोकलमध्ये, कचेरीत, चहाच्या टपरीवर चर्चा. मुसलमान प्रेक्षकाला वाटणार, आमच्या धर्मस्थानाची विटंबना घरोघर दाखवताहेत. हिंदू प्रेक्षकाला वाटणार, दंगलीचं खापर आमच्या माथी फोडताहेत. दोघांनाही नथूला कुणी फसवलं, का फसवलं, आणि त्या एका रात्रीच्या ओझ्याखाली तो कसा चिरडत जातो, हे अजून दिसायचं आहे. साप्ताहिक मालिकेचा हा अंगभूत धोका आहे.

आक्षेप दोन्ही बाजूंनी आले, आणि ते सारखे नव्हते. हिंदुत्ववादी संघटनांचा राग मुख्यतः एका प्रसंगावर होता. मास्तर देवव्रत नावाचा माणूस रणवीर या शाळकरी पोराला ‘दीक्षा’ देतो. परीक्षा अशी, की पोराने स्वतःच्या हाताने कोंबडी कापायची. पोराला उलटी होते. मास्तर त्याला बुळा ठरवतात, पुन्हा उभं करतात. शेवटी ते त्याच्या हातून होतं. त्यानंतर ही मुलं शस्त्रं जमवतात आणि त्यांच्यातला एक जण वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याला भोसकतो. ज्यांच्या घरातली मुलं सकाळी शाखेत जात होती त्यांना हा प्रसंग झोंबला. दूरदर्शन केंद्रांसमोर निदर्शनं झाली, बंदीची मागणी झाली. निहलानींना धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षणात राहावं लागलं. दुसरीकडे मुंबईतली याचिका एका मुस्लिम नागरिकाची होती. दोन टोकांचे लोक एकाच मालिकेवर बंदी मागत होते. ‘दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे मालिका बरोबर’ असं तेव्हाही म्हटलं गेलं, पण मला तो युक्तिवाद लंगडा वाटतो. दोन माणसं दोन वेगळ्या कारणांनी चिडू शकतात आणि त्यातल्या एकाचं बरोबरही असू शकतं. कलाकृती तिच्या आतून तपासावी लागते.

तिसरा एक गट होता आणि त्याचा आवाज सगळ्यात हळू होता. फाळणीतून जिवंत आलेले लोक. उल्हासनगरच्या छावण्यांत, शीव-कोळीवाड्याच्या वसाहतीत, पुण्यात पिंपरीला ज्यांनी शून्यातून संसार उभा केला, त्यांच्यातल्या अनेकांनी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मालिकेत गुरुद्वारातल्या बायका एकामागून एक विहिरीत उड्या टाकतात. पुढे असते जसबीर, म्हणजे उत्तरा बावकर. हे कल्पनेतलं नाही. मार्च 1947 मध्ये रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात असंच घडलं होतं, सुमारे 90 बायका गेल्या. ज्यांनी हे किंवा असलं काही डोळ्यांनी पाहिलं त्यांना ते पुन्हा बघवलं नसेल तर त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. ‘जुन्या जखमा कशाला उकरता’ हे वाक्य राजकारण्याच्या तोंडी वेगळं असतं आणि त्या म्हातारीच्या तोंडी वेगळं.

विरोधकांची भीती हवेतली नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. फेब्रुवारी 1986 मध्ये अयोध्येत बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं होतं. मे 1987 मध्ये मेरठ पेटलं, हाशिमपुऱ्याचं हत्याकांड झालं. भिवंडी 1984 साली पुन्हा जळाली होती आणि त्या वेळी आग मुंबईपर्यंत आली होती. दिल्लीतलं 1984 चं शिखांचं हत्याकांड ताजं होतं, पंजाबात रोज माणसं मरत होती. अशा देशात, सरकारी प्रक्षेपणावरून, खासगी वाहिन्या यायच्या आधीच्या काळात, एकाच वेळी लाखो घरांत दंगल दाखवायची का? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण सेन्सॉरखोर नव्हता. जबाबदार माणसालाही तो पडू शकतो.

पण प्रश्नाच्या आत एक गृहीत लपलेलं होतं, आणि सगळं प्रकरण मला तिथे येऊन थांबलेलं दिसतं. गृहीत असं, की टीव्हीसमोर बसलेला माणूस हा काडीपेटीसारखा आहे. घासला की पेटतो. बंदी मागणाऱ्यांचा भर यावर होता, की अडाणी माणसाला यातला सूक्ष्म अर्थ कळणार नाही, त्याला फक्त रक्त दिसेल. म्हणजे आपल्याला कळतं, धोका ‘त्यांना’ आहे. हे ‘ते’ कोण? गिरणीतला कामगार, शेजारच्या वाड्यात टीव्ही बघायला जमलेली बायामाणसं, नथूसारखा माणूस. ज्याच्यावर गोष्ट आहे, त्यालाच ती कळणार नाही, असा दावा.

लेंटिन आणि मनोहर यांनी हा दावा सपशेल फेटाळला. निरक्षर माणूस अक्कलशून्य नसतो, असं त्यांनी निकालात स्पष्टच म्हटलं. अतिरेकी लोक साध्या माणसाला कसं वापरून घेतात हे पडद्यावर घडताना दाखवलं, तर त्याला ते नीट कळतं. उलट आपल्यासारख्या राष्ट्राने स्मृतिभ्रंशात सुख मानू नये, जे घडलं ते बघावं, असाच त्यांचा रोख होता. हेच लेंटिन जे. जे. रुग्णालयातल्या 1986 च्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या मृत्यूंची चौकशी करणारे. सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, पुढे 1994 साली तिथल्याच मुख्य न्यायमूर्ती. दोघांनी पाच तास बसून पाहिलं आणि मग सामान्य माणसाच्या समजुतीवर विश्वास टाकला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रकरण तिथे संपलं नाही. सर्वोच्च न्यायालयात दुसरी याचिका गेली. जीविताचा आणि धर्मस्वातंत्र्याचा हक्क आणि चित्रपट कायदा यांचा आधार घेतलेला होता. ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ते वकिलांना ठाऊक आहे. न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. एस. रंगनाथन यांनी 16 फेब्रुवारी 1988 रोजी ती फेटाळली. सेन्सॉर मंडळाने मालिकेला ‘यू’ प्रमाणपत्र दिलेलं होतं, उच्च न्यायालयाच्या दोन अनुभवी न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली होती, या दोन्ही गोष्टींना त्यांनी वजन दिलं. ‘हलता चित्रपट माणसाच्या भावना इतर कुठल्याही कलेपेक्षा खोल ढवळतो’ हा चित्रपटांच्या सेन्सॉरशिपवरच्या के. ए. अब्बास प्रकरणातला, 1970 चा विचारही त्यांच्यासमोर होता. तोही मुंबईतूनच निघालेला वाद. म्हणजे पडद्याची ताकद न्यायालयाने कमी लेखली नाही.

मग मोजायचं कशाने? इथे सर्वोच्च न्यायालयाने हात घातला तो नागपूरच्या एका जुन्या निकालाला. भगवती चरण शुक्ल प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं होतं, की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने मोजावा. डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने मोजू नये. 1947 च्या निकालसंग्रहात हे छापलं गेलं. म्हणजे रावळपिंडी ज्या सुमाराला जळत होती त्याच सुमाराला नागपुरात एक न्यायाधीश हे माप तयार करून ठेवत होता, आणि चाळीस वर्षांनी त्याच रावळपिंडीच्या गोष्टीला त्या मापाने वाचवलं. मला हा योगायोग विसरता येत नाही. भिवंडीत सुचलेली, फिल्मसिटीत घडवलेली, मुंबईत अडवलेली मालिका नागपूरच्या वाक्याने सुटली.

नंतर काय झालं ते थोडक्यात. मालिका पूर्ण दाखवली गेली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रीय एकात्मतेवरचा नर्गिस दत्त पुरस्कार ‘तमस’ला मिळाला, सुरेखा सिक्री सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री ठरल्या, वनराज भाटियांना संगीताचा पुरस्कार मिळाला. ऑगस्ट 2013 मध्ये एका खासगी वाहिनीने ती पुन्हा दाखवली.

सिक्रींना ज्या भूमिकेसाठी पुरस्कार मिळाला तिच्याकडे जरा जवळून बघू, कारण बंदीच्या गदारोळात या प्रसंगाबद्दल फार कमी बोललं गेलं. हरनामसिंग आणि त्याची बायको बंतो जीव वाचवायला रात्रभर चालून एका अनोळखी गावात एक दार ठोठावतात. दार उघडते राजो, मुसलमान बाई. घरातले पुरुष लुटीला गेलेत. ती क्षणभर थांबते, मग आत घेते, प्यायला ताक देते, माळ्यावर लपवते. तेवढ्यात नवरा एक ट्रंक घेऊन येतो. ती ट्रंक हरनामसिंगचीच असते, त्याच्याच दुकानातून लुटलेली. कादंबरीत घरचे लोक कुलूप तोडायला लागतात, तेव्हा माळ्यावरून म्हातारा म्हणतो, तोडू नका, ही घ्या किल्ली. नवरा वर बघतो तर ओळखीचा माणूस, ज्याच्याशी कधीकाळी देवघेव होती. रात्री राजो त्या दोघांना गावाबाहेर पोचवते आणि ट्रंकेतले बंतोचे दागिने तिच्या हातात परत ठेवते.

आपल्याच लुटलेल्या ट्रंकेची किल्ली हातात घेऊन लुटणाऱ्याच्या माळ्यावर बसलेला माणूस. तो कुठल्या ‘बाजूचा’ प्रसंग आहे? नवरा लुटारू आहे, राजो त्याच घरातली आहे, सून ‘यांना बाहेर काढा’ म्हणतेय. हा प्रसंग बघणाऱ्याला बाजू ठरवताच येत नाही, आणि माझ्या मते ‘तमस’ जिथे सगळ्यात खरी आहे ती हीच जागा. डुकराच्या प्रसंगावर लोक भांडले, कारण त्यात भांडायला जागा आहे. ताकाच्या पेल्यावर भांडता येत नाही.

न्यायालयांनी मालिका वाचवली, त्याबद्दल माझ्या मनात पूर्ण कृतज्ञता आहे. तरीही एका मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे. मालिकेच्या शेवटी सगळ्याचा फोलपणा लोकांना उमगतो, माणसातला चांगुलपणा जिंकतो, दोन्ही समाज सलोख्याने राहायला शिकतात, असं तिचं वाचन निकालात येतं. शांततेचा संदेश आहे म्हणून दाखवायला हरकत नाही, असा त्याचा आधार. पण संदेश नसता तर? इतिहास दाखवायला शेवटी सलोखा असलाच पाहिजे का? हा धागा पुढच्या अनेक वादांत गळ्यात अडकला. कलाकृतीने आधी आपण किती गोड आहोत हे सिद्ध करायचं, मग तिला परवानगी.

आणि शेवट तसा गोड नाहीच. कादंबरीत अखेरीला शहरातून अमन कमिटीची बस निघते, शांततेच्या घोषणा देत. घोषणा देणाऱ्यांत पुढे बसलेला असतो मुराद अली, ज्याने नथूच्या हातावर पाच रुपयांची नोट ठेवली होती. त्याला कुणी ओळखत नाही, कारण ओळखू शकणारा एकटा नथू होता आणि तो मेलेला आहे. निहलानींनी पडद्यावर नथूची बायको कर्मो हिला निर्वासितांच्या छावणीपर्यंत आणलं. हरनामसिंग आणि बंतो तिच्यासोबत आहेत. तिथे तिला नवऱ्याचं प्रेत दिसतं, आणि त्याच दुःखात तिला कळा सुरू होतात. तंबूत मूल जन्मतं. ते रडतं, आणि बाहेरून दोन्हीकडचे नारे ऐकू येत राहतात. म्हातारा हरनामसिंग तंबूबाहेर उभा असतो.